शाम्पू न वापरणाऱ्यांनी केस कसे रंगवायचे?

रानजाई

शाम्पू सोडलेल्या माणसाने केस रंगवायचे ठरवलं की पहिली शंका धुण्याबद्दल येते: रंग लावला, पण तो शाम्पूशिवाय निघणार कसा? माझ्या मते काळजी भलत्याच टोकाची केली जाते. मेंदी असो की पाकिटातला डाय, तो धुऊन काढायला शाम्पूची गरज नसते. काम बिघडतं ते रंग लावायच्या आधी.

नुसत्या पाण्याने किंवा पिठाने धुतल्या जाणाऱ्या केसांवर एक मेणचट थर साचतो. टाळूच्या तेलातली मेदाम्लं आणि जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम यांचा मिळून न विरघळणारा साका तयार होतो, आणि नुसतं पाणी कितीही ओतलं तरी तो हलत नाही. हा थर सगळीकडे सारखा नसतो. कानामागे, मानेवर, भांगाच्या दोन्ही बाजूंना जाड असतो आणि टोकांना जवळजवळ नसतो. रंगही त्याच हिशेबाने बसतो: टोकं गडद, मुळं फिकी, मध्ये पट्टे. मग दोष मेंदीला दिला जातो.

थर आहे का ते बघायची सोपी खूण: कोरड्या केसांची एक बट दोन नखांमध्ये धरून मुळाकडून टोकाकडे ओढा. नखाखाली राखाडी, मऊ, चिकट काही जमलं तर आहे. कंगव्याच्या दातांच्या बुडाशीही तेच साठतं.

काढायचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी आम्ल, मग फेस. १ लिटर पाण्यात पाव छोटा चमचा (साधारण १ ग्रॅम) सायट्रिक आम्ल विरघळवून केसांवर ओता, २-३ मिनिटं राहू द्या, धुवा. आम्लामुळे साक्यातलं कॅल्शियम सुटतं आणि मागे मोकळी मेदाम्लं उरतात. ती रिठ्याच्या फेसाने निघतात. उलट क्रमाने केलं तर रिठा साक्यावरून नुसता घसरतो. फेसासाठी शिकेकाई पावडर २ मोठे चमचे आणि रिठा पावडर १ मोठा चमचा ५०० मि.ली. पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी १० मिनिटं मंद आचेवर उकळायची आणि दाट फडक्यातून गाळायची. अर्धं पाणी एका धुण्याला, अर्धं लगेच दुसऱ्या धुण्याला. डोळे घट्ट मिटा, रिठा फार झोंबतो.

ही झाली पूर्वतयारी. पुढचं ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी मापांसकट लिहा. "थोडंसं घ्या, अंदाजाने घाला" असं नको.

ताम्रवर्णी

धागा चांगला काढलात. मेंदीचं मी लिहिते.

मेंदीच्या पानात रंग देणारं द्रव्य म्हणजे लॉसोन, सुक्या पानात साधारण १ ते २ टक्के. ते केसातल्या केराटिन या प्रथिनाला रासायनिक बंधाने चिकटतं, म्हणून मेंदी धुऊन जात नाही. सौम्य आम्लात ते पानातून सावकाश सुटतं आणि टिकतं.

माप असं धरा: आखूड केसांना १०० ग्रॅम, खांद्यापर्यंत २००, पाठीच्या मध्यापर्यंत ३००, कमरेपर्यंत ४०० ते ५००. दर १०० ग्रॅमला २५० ते ३०० मि.ली. पाणी. एकदम ओतू नका. घट्ट दह्याइतकं झालं की थांबा, कारण भिजल्यावर ते आणखी सैल होतं. आम्लासाठी १०० ग्रॅम मेंदीला १०-१५ ग्रॅम आवळा पावडर पुरते. लिंबाचा रसही चालतो, पण नुसत्या रसात भिजवलेली मेंदी टाळूला कोरडं पाडते.

सर्वसाधारण तापमानाला ८ ते १२ तास, उष्ण हवेत ४ ते ६ तास. वेळेपेक्षा खुणेवर जा: वरचा पापुद्रा तपकिरी आणि ढवळल्यावर आत हिरवं दिसलं, आणि तळहातावर ५ मिनिटं ठेवलेल्या ठिपक्याने नारिंगी डाग सोडला, की मेंदी तयार. त्यापुढे फार वेळ ठेवली तर लॉसोन कमी व्हायला लागतं. रात्रभर ठेवायची, दोन दिवस नाही.

आता ज्यावर बरेच वाद होतात ते. मिश्रणात दही, अंडं, तेल घालू नका. लॉसोन प्रथिनाला चिकटतं. दह्यात आणि अंड्यात प्रथिनंच आहेत, म्हणजे केसाला जाणारा रंग वाडग्यातच खर्ची पडतो. तेल केसावर आड येतं. "मेंदीने केस कोरडे होतात म्हणून तेल घालायचं" या सल्ल्यामुळे कितीतरी जणांचे पांढरे केस फिके नारिंगी राहतात. मऊपणा हवा तर रंग चढल्यावर, तीन दिवसांनी तेल लावा.

लावताना १ ते २ सें.मी. जाडीच्या बटा घ्या, मुळापासून थापा. केस मेंदीत बुडालेले दिसले पाहिजेत, नुसते माखलेले नव्हे. पातळ प्लास्टिकने गुंडाळा, वर टोपी किंवा टॉवेल. ऊब लागते आणि सुकलेल्या मेंदीतून रंग पुढे जात नाही. ३ ते ४ तास.

गुलबक्षी

दोन प्रश्न. (१) मेंदी न लावता थेट इंडिगो पावडर (निळीच्या पानांची पूड) लावली तर पांढरे केस हिरवट-निळे का दिसतात? (२) तपकिरी रंग एकाच वेळी मिळू शकतो का, की दोन टप्पे करावेच लागतात?

कंगवा

(१) कारण इंडिगो मेंदीसारखा केराटिनला बांधला जात नाही. पानात इंडिकन नावाचं द्रव्य असतं. ओलं झालं की पानातल्याच विकरामुळे (एन्झाइममुळे) त्यातून इंडॉक्सिल सुटतं, आणि हवेशी संयोग झाला की निळा रंग तयार होतो. तो केसात अडकून बसतो. खाली मेंदीचा तांबूस थर असला तर निळं आणि तांबूस मिळून काळं दिसतं. पांढऱ्या केसावर खाली काहीच नाही, म्हणून निळंच दिसतं, आणि ते टिकतही नाही.

इंडिगोचे नियम मेंदीच्या बरोबर उलटे आहेत, आणि चुका नेमक्या इथेच होतात. आम्ल अजिबात नको: लिंबू, आवळा, व्हिनेगर काहीच नाही. साधं कोमट पाणी, १०० ग्रॅमला २५० ते ३०० मि.ली., आणि चिमूटभर मीठ. झाकून १० ते १५ मिनिटं ठेवा. पृष्ठभागावर निळसर झाक आली की लगेच लावायला घ्या. अर्ध्या तासात संपवा, कारण हवेने वाडग्यातच निळा रंग पक्का झाला तर केसात शिरायला काही उरत नाही. लांब केस असतील तर दोन हप्त्यांत कालवा. रात्रभर भिजवलेला इंडिगो म्हणजे निळा चिखल.

काळ्यासाठी दोन टप्पे: मेंदी ३-४ तास, नुसत्या पाण्याने स्वच्छ धुवायची, केस टॉवेलने टिपून दमट ठेवायचे, मग इंडिगो १ ते २ तास. धुतल्यावर केस पहिल्या दिवशी हिरवट किंवा विचित्र दिसतात. घाबरून परत काही लावू नका. ४८ ते ७२ तासांत रंग गडद होत जातो. तेवढे तीन दिवस काहीही लावून धुवायचे नाहीत, आणि व्हिनेगरचं पाणी तर मुळीच नाही.

(२) तपकिरी एका वेळी मिळतं. मेंदी रात्रभर भिजवलेली, इंडिगो आयत्या वेळी वेगळा कालवलेला, आणि लावायच्या क्षणी दोन्ही एकत्र. सुक्या पावडरीच्या वजनाने समसमान घेतल्यास मध्यम तपकिरी, मेंदीच्या दुप्पट इंडिगो घेतल्यास गडद तपकिरी, इंडिगोच्या दुप्पट मेंदी घेतल्यास तांबूस तपकिरी. पण कपाळाजवळचे राठ पांढरे केस एकत्र मिश्रणाला दाद देत नाहीत. ते फार असतील तर दोन टप्पेच करा.

सावरी

मेंदी धुताना कंडिशनर वापरा असं सगळे सांगतात. ज्यांना कंडिशनरही नको आहे त्यांनी काय करायचं? नुसत्या पाण्याने कण केसात राहतात आणि ते ओढताना केस तुटतात.

ताम्रवर्णी

@सावरी, ओतत्या पाण्याखाली चोळत बसू नका. मोठ्या टबात किंवा बादलीत कोमट पाणी घेऊन डोकं त्यात बुडवा आणि बोटांनी केस हलवत राहा. पाणी बदलून तीन-चारदा केलं की बरीचशी मेंदी खाली बसते. उरलेल्या कणांसाठी बुळबुळीत काहीतरी हवं, एवढंच कंडिशनरचं काम असतं.

जवसाचा गर उत्तम. ४० ग्रॅम जवस ५०० मि.ली. पाण्यात ७ ते १० मिनिटं उकळा, चमच्यावरून तार ओघळू लागली की गरम असतानाच गाळा. थंड झाल्यावर तो गाळता येत नाही, हे लक्षात ठेवा. पसाभर गर केसांना लावून रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर विंचरत या, कण सरकत बाहेर येतात. मग धुवा. जास्वंदीची मूठभर पानं पाण्यात कुस्करून निघालेला चिकट रसही चालतो, पण तो नीट गाळला नाही तर पानांचे तुकडे अडकतात आणि काम दुप्पट होतं.

धूपछाव

इथे सगळे वनस्पतींबद्दलच लिहीत आहेत, पण शाम्पू न वापरणारे बरेच जण पाकिटातला डाय लावतात. त्यात काही विसंगती नाही. त्याबद्दल लिहितो.

रंग धुताना शाम्पू का लागत नाही ते आधी. क्रीम डायमध्ये तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारी फेसक द्रव्यं आधीच असतात. वेळ संपली की लगेच पाणी सोडू नका. दोन-तीन मोठे चमचे कोमट पाणी डोक्यावर शिंपडा आणि २-३ मिनिटं बोटांनी मळा, विशेषतः कपाळाची कड आणि मानेवर. रंग पातळ होऊन फेसाळतो, त्वचेवरचे डागही सोबत उचलतो. मग कोमट, गरम नव्हे, अशा पाण्याने धुवा. पाणी पूर्ण स्वच्छ येईपर्यंत धुणं थांबवायचं नाही.

त्यानंतर आम्ल हवं, ही पायरी वगळू नका. कायमस्वरूपी डायचा पीएच साधारण ९ ते १०.५ असतो, त्यानेच केसाचे खवले उघडतात. ५ टक्के व्हिनेगर १५ मि.ली. ५०० मि.ली. पाण्यात, एकदा ओतून दोन मिनिटांनी धुवायचं. खवले बसले की रंग आत राहतो. "अमोनियारहित" डायमध्ये बहुतेकदा इथेनॉलअमाइन असतं. ते अमोनियासारखं उडून जात नाही, केसात रेंगाळतं, म्हणून तिथे धुणं आणखी नीट हवं. सौम्य समजून घाई केली जाते आणि मग टाळू खाजते.

डेव्हलपरचं, म्हणजे डायमध्ये मिसळायच्या पेरॉक्साइडच्या द्रावणाचं, गणित: १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. पांढरे केस झाकायला ६ टक्के योग्य. ९ आणि १२ टक्के केस फिके करण्यासाठी असतात, त्याने पांढऱ्यावर रंग जास्त चांगला बसत नाही, टाळू मात्र भाजते. डाय आणि डेव्हलपरचं प्रमाण पाकिटावर असेल तेच, वजनकाट्यावर मोजून. वेळ मोजायची ती डाय लावून संपल्यावर, लावायला सुरुवात केल्यापासून नाही.

कंगवा

@धूपछाव, एका गोष्टीवर मतभेद. रानजाईंनी आधी थर काढायला सांगितलंय. डायच्या बाबतीत तर केस न धुता लावायचा सल्ला देतात, टाळूचं तेल संरक्षण करतं म्हणून.

धूपछाव

दोन्ही खरं आहे, कारण दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोललं जातंय. एक-दोन दिवसांचं ताजं तेल पातळ असतं. डायचं अल्कधर्मी मिश्रण ते सहज भेदतं, आणि टाळूची जळजळ कमी होते. महिनोनमहिने साचलेला कॅल्शियमचा साका मात्र डायलाही अडवतो. म्हणून आम्ल आणि रिठ्याचं धुणं डायच्या २४ ते ४८ तास आधी करा. थर जातो आणि ताजं तेल परत येतं. मेंदीसाठी मात्र त्याच दिवशी धुतलेले केसच बरे. तिथे टाळूला संरक्षणाची गरज नसते आणि तेल रंगाच्या आड येतं.

पारिजात_

कळीचा मुद्दा राहिला आहे: सोडा. शाम्पू सोडणारे बरेच जण खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर या जोडीवर असतात. रंगवलेल्या केसांवर सोडा चालणार नाही, कुठल्याच रंगाच्या. त्याच्या द्रावणाचा पीएच ८ च्या वर जातो. प्रत्येक धुण्याला खवले उघडतात आणि रंगाचे कण बाहेर पडतात. नंतर व्हिनेगर ओतल्याने खवले बसतील, पण गेलेला रंग परत येत नाही. ब्लीच केलेल्या सच्छिद्र केसांवर तर त्याहून वाईट: केस ओला असताना रबरासारखा ताणला जातो आणि तुटतो.

माती आणि उटण्याच्या पिठाचंही सांभाळा. घासल्याने वरचा रंग झिजतो. फडक्यातून गाळलेलं पातळ पाणी ओता, लेप चोळू नका.

रानजाई

@पारिजात_, पूर्ण सहमत. याला जोडून: रिठा नैसर्गिक असला तरी तो फेसकच आहे, रंगाला सूट देत नाही. रंग बसल्यावर वर दिलेलं पाणी निम्मं पातळ करा, आठवड्यातून एकदाच वापरा आणि टाळूपुरतंच. बाकी दिवस कोमट पाण्याने टाळू बोटांच्या पेरांनी चोळणं आणि ब्रशने तेल टोकांपर्यंत ओढणं पुरेसं आहे. पाणी फार गरम घेऊ नका.

गुलबक्षी

बाजारात "काळी मेंदी" म्हणून मिळते ती मेंदी आणि इंडिगोचं मिश्रणच ना? आणि मेंदीवर नंतर डाय लावला तर केस जळतात म्हणतात, ते कितपत खरं?

कंगवा

घटकांची यादी वाचल्याशिवाय घेऊ नका. १५-२० मिनिटांत काळे होतील असं लिहिलं असेल तर ते वनस्पतींचं काम नाही. त्यात बहुधा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमाइन असतं. ते पाकिटातल्या डायमध्येही असतं. युरोपीय संघात केसांना लावायच्या तयार मिश्रणात त्याची कमाल मर्यादा २ टक्के आहे. पीपीडीची ॲलर्जी एकदा झाली की ती बहुतेकदा आयुष्यभर राहते. अंगावर "काळ्या मेंदी"ची नक्षी काढून फोड आलेल्या माणसाने पीपीडीचा डाय डोक्याला लावूच नये.

केस जळण्याचं कारण शुद्ध मेंदी नसते, मिश्रणात घातलेले धातूंचे क्षार असतात. त्यांच्यामुळे पेरॉक्साइड झपाट्याने विघटित होतं आणि उष्णता निघते. तपासायला कंगव्यात निघालेले २०-३० केस दोऱ्याने बांधा, काचेच्या वाटीत डाय आणि ६ टक्के डेव्हलपरच्या मिश्रणात ३० मिनिटं बुडवा. वाटी गरम झाली, बुडबुडे आले, उग्र वास आला किंवा केस विरघळल्यासारखे झाले तर डोक्याला लावायचा विचार सोडा. तो भाग वाढून कापला जाईपर्यंत थांबायचं. मेंदी कालवायला लोखंडी कढई नको म्हणतो तेही त्यासाठीच. काच किंवा स्टील घ्या.

शुद्ध मेंदीवर डाय बसतो. इंडिगोवर ब्लीच मात्र करू नका, तांबूस निघून जातं आणि हट्टी हिरवा मागे राहतो.

धूपछाव

त्वचेची चाचणी ४८ तास आधी, दर वेळी. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे नाण्याएवढा ठिपका लावायचा. मागच्या वेळी काही झालं नाही म्हणजे या वेळी होणार नाही, असं नसतं. वनस्पतींचीही करा, इंडिगोचीसुद्धा ॲलर्जी होते.

जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्यांनी मेंदी टाळावी, लहान मुलांना तर लावूच नये. लॉसोनमुळे त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात.

सावरी

मुळांची उगवण झाकायला दर वेळी सगळ्या केसांना लावायचं का?

ताम्रवर्णी

नाही, आणि हे डाय व मेंदी दोन्हीला लागू आहे. केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सें.मी. वाढतात, म्हणजे ४ ते ६ आठवड्यांनी बोटाच्या पेराएवढी पट्टी दिसते. तेवढ्याच पट्टीला लावा, ५० ग्रॅम पुरते. मेंदी जुन्या रंगावर थरावर थर चढत जाते, टोकं काळपट तपकिरी होतात, कुरळे केस सैल पडतात. ते नको असेल तर लांबीला वर्षातून एक-दोनदाच. कपाळाचे पांढरे केस आधी लावायला घ्या आणि शेवटी धुवा, त्यांना वेळ जास्त लागतो.

मधल्या काळात चहा, कॉफी किंवा बिटाचं पाणी लावायचे सल्ले मिळतात. त्याने डाग पडतो, रंग बसत नाही, पहिल्या धुण्याला जातो. वेळ घालवू नका.

गुलबक्षी

उरलेलं मिश्रण ठेवता येतं का?

कंगवा

भिजून रंग सुटलेली मेंदी हवाबंद पिशवीत सपाट करून फ्रीझरमध्ये ठेवा, काही महिने टिकते. ५० ग्रॅमच्या वड्या केल्या तर मुळांना एकेक काढता येते. वितळल्यावर लगेच वापरा, परत गोठवू नका. कालवलेला इंडिगो ठेवता येत नाही, फेकून द्या. सुकी पावडर मात्र दोन्हींची, कोरडी आणि अंधारात.

डेव्हलपर मिसळलेला डाय कधीही झाकण लावून ठेवायचा नाही. त्यातून प्राणवायू सुटत राहतो आणि बंद बाटली फुटते. उरलेला लगेच भरपूर पाण्याबरोबर मोरीत ओता, बाटली विसळा आणि झाकण उघडं ठेवून टाका.